तीन हातांचा डॉक्टर

शीट हातात आली तेव्हा पोस्टाची खिडकी उघडायला अर्धा तास होता. नवीन तिकीट आलं की पहिली शीट मी भिंगाखाली धरून बघते, वीस वर्षांची खोड आहे. शाई पसरलीय का, कडेचे दाते नीट पडलेत का, छपाई सरकलीय का, ते बघायचं आणि पोस्टमास्तरांना सांगायचं. त्या दिवशी मात्र मला शाईचं आणि दात्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. मी चिमणीला शोधत होते.

साथीच्या रुग्णालयाला शंभर वर्षं झाली म्हणून ते तिकीट निघालं होतं. चित्रात घटसर्पाच्या वॉर्डातली खाट, खाटेवर बसतं केलेलं चारेक वर्षांचं पोर आणि शेजारी पांढऱ्या कोटातले मोठे डॉक्टर. त्यांच्या एका हातात छातीला लावलेली नळी, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. सगळं मूळ फोटोतल्यासारखं. तो फोटो मला पाठ आहे. आत्याच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला असायचा, लहानपणी कपाट उघडलं की आधी तो दिसायचा. आणि रुग्णालयाच्या समितीला तो नेऊन दिला मीच. आत्या नको नको म्हणत होती. "सरकारी काम आहे आत्या, फोटोला काय होतंय?" असं तोंड वर करून मीच म्हटलं होतं.

फोटोत पोराच्या पलीकडे परिचारिकेच्या वेशात चिमणी उभी आहे. तिकिटात तिच्या जागी फिकट निळी भिंत होती.

मी शीटवरची दुसरी तिकिटं बघितली, जणू पन्नासातल्या एखाद्यात तरी ती सापडेल. मग भिंग जरा खाली सरकलं आणि मला हात दिसला. पोराच्या पाठीमागून, बगलेखालून पुढे आलेली चार बोटं. डॉक्टरांचे दोन्ही हात तर पुढे होते. हा तिसरा. त्याला मनगट होतं, मनगटावर दोन बोटं रुंद बाही होती आणि बाहीच्या वर भिंत.

"काय गं, भूत बघितलंस का?" पोस्टमास्तर चष्मा पुसत आले.

"साहेब, हात मोजा."

त्यांनी मोजले. पुन्हा मोजले. "अरेच्चा! डॉक्टर आहे का देव आहे हा?" मग गंभीर झाले. "दोष अहवाल लिही. दुपारच्या थैलीत टाकू. परवा प्रकाशन आहे, सगळा माल परत मागवतील."

मी अहवाल लिहिला. इतका जोर देऊन लिहिला की खालच्या कागदावरही उमटला. पण थैलीत टाकला नाही. आधी आत्याला सांगायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत घरी गेले.

आत्या माझ्याचकडे असते. ब्याऐंशी वर्षांची आहे, त्यातली चौतीस वर्षं तिने त्या रुग्णालयात काढली. टेबलावर तिची तिकिटांची वही उघडी होती आणि वहीवर तपकिरी पाकीट. रुग्णालयाच्या शिपायाने सकाळीच फोटो परत आणून दिला होता.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. वॉर्डात दूरदूरहून पत्रं यायची. ती रुग्णांना वाचून दाखवायची आणि तिकीट मागून घ्यायचं, असा आत्याचा नाद. पुढे सगळ्या जगातली जमली. वैद्यकाचा इतिहास मी शाळेत शिकले नाही, या वहीत शिकले. पहिल्या पानावर देवीची लस टोचून घेणारा मुलगा आणि मागे गाय. मग हातात दिवा घेतलेली ती प्रसिद्ध परिचारिका, सात देशांची सात तिकिटं. लाल क्रॉसचे तंबू, चिखलातून निघालेल्या गाड्या. क्षयरोग्यांच्या मदतीसाठी जादा पैसे घेतलेली तिकिटं. रक्ताचा थेंब, तोंडात थेंब घेणारी बाळं. देवाने माणसाला माणसाची सेवा कशी शिकवली ते पानापानावर. आणि प्रत्येक तिकिटाखाली आत्याचं बारीक अक्षर. डॉक्टरचं नाव, जन्म, मृत्यू. त्याच्याखाली, जिथे जिथे मागे कोणी उभं असेल तिथे: "डावीकडे उभी, नाव छापलेलं नाही." "खाटेजवळ वाकलेली, नाव छापलेलं नाही." पानंच्या पानं.

शेवटचं पान तिने वर्षभर मोकळं ठेवलं होतं. तिकिटाची जागा पेन्सिलीने आखून खाली शाईने चिमणीचं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं. तिकिटाच्या माहितीपत्रकात चित्रातल्यांची नावं येतात, म्हणजे एकदा तरी छापलेलं नाव लिहायला मिळणार होतं.

मी तोंड उघडायच्या आत आत्याने पाकिटातून फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. चिमणीवर लाल मेणाच्या पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली होती. नेमकी चेहऱ्यावर रेघेला रेघ भेटत होती. कडेला लिहिलं होतं, "काढणे."

"रबराने बघितलं," आत्या म्हणाली. "मऊ फडक्याने बघितलं. निघत नाही. घासलं तर चेहराच जातोय."

चिमणीचा दुसरा फोटो या जगात नाही. चार महिन्यांची शिकाऊ परिचारिका होती ती, वय वीस. वॉर्डात काम करता करता भजनं गुणगुणायची म्हणून चिमणी. घटसर्पाची साथ आली, सात नंबरचा वॉर्ड बाहेरून बंद केला, आणि आत उरल्या आत्या आणि चिमणी दोघी जणी, मोठे डॉक्टर आणि चाळीस पोरं. फोटो काढल्यावर अकराव्या दिवशी ती गेली.

मी शीट दाखवली. आत्याने भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं. तिला ओळखायला वेळ लागला असेल असं मला वाटलं. तर म्हणते, "करंगळी बघ. भाजली होती, निर्जंतुकीकरणाच्या भांड्यावर." मग भिंग ठेवलं. "चपला घालते. थांब."

रुग्णालयाच्या सचिवांची खोली थंडगार होती. भिंतीवर त्याच तिकिटाचं दाराएवढं चित्र लावलं होतं. मोठं केल्यावर हात आणखीच उघडा पडला होता, पण खोलीतल्या कोणाला दिसत नसावा.

"या, सिस्टर, या. बसा. पाणी घेणार?"

"घरून पिऊन आलेय. माझ्या फोटोवर ही फुली कोणी मारली?"

सचिवांनी फोटो हातात घेतला. गुळगुळीत माणूस, कुठे हात ठेवावा तर निसटावा असा. "ही तांत्रिक खूण असते, सिस्टर. चित्रकाराला कळावं म्हणून."

"मलाही कळलं."

"असं बघा, तिकीट केवढं? एवढंसं. माणसं जास्त झाली की गर्दी वाटते. समितीचं मत पडलं की नजर डॉक्टरांवर जायला हवी."

"पोर ठेवलंत."

"पोर लागतंच ना! रुग्ण नसला तर डॉक्टर कशाला?"

"आणि नर्स नसली तर?"

ते हसले. त्या हसण्याने माझं टाळकं सरकलं, पण आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"शिवाय एक अडचण होती," सचिव म्हणाले. "चित्रातल्या माणसांची माहिती द्यावी लागते. डॉक्टरांची आहे. या बाईंची आमच्या सेवापुस्तकांत नोंदच नाही. तुम्ही म्हणता तर असेलही, पण दफ्तरात नाही. उद्या कोणी विचारलं, ही कोण? काय सांगणार?"

"मला विचारायचं. मी जिवंत आहे. आणि फोटोच्या मागे नाव लिहून दिलं होतं, ते उलटून बघायलाही हात झिजले का?" आत्याचा आवाज अजून चढला नव्हता. "शिकाऊ मुलींना सहा महिने झाल्यावर पुस्तकात घेत. ती चौथ्या महिन्यात मेली. तुमच्या वॉर्डात, तुमच्या पोरांचा रोग अंगावर घेऊन. पुस्तकात यायला तिने आणखी दोन महिने तग धरायला हवा होता, नाही का?"

"तसं नाही हो, सिस्टर..."

"मग हात का ठेवलात?" मी मध्येच विचारलं.

सचिव पुन्हा हसले, या वेळी जरा ओशाळून. "तुम्ही पोस्टातल्या ना? नजर आहे हं तुमची. तो चित्रकार म्हणाला, हात काढला की पोर मागे पडतंय असं दिसतं. तीनदा करून बघितलं म्हणे. शेवटी मीच म्हटलं, राहू दे, कोण बघतंय!"

"पडायचंच," आत्या म्हणाली. "घशात पडदा धरलेलं पोर आडवं झालं की गुदमरायचं. बसतं ठेवावं लागायचं, आणि बसायचं बळ त्याच्या अंगात नसायचं. पाठीला हात लागायचा. तीन तीन, चार चार तास. हात अवघडला तरी हलवायचा नाही. तुमच्या चित्रकाराला बिचाऱ्याला कागदावरसुद्धा तो काढता आला नाही. आणि तुम्ही?"

मी पर्समधून अहवाल काढून टेबलावर आपटला. "हा दोष अहवाल. दुपारच्या थैलीत गेला तर परवाचं प्रकाशन विसरा."

सचिवांचा चेहरा क्षणभर उतरला. अहवाल वाचता वाचता पुन्हा खुलला. "अवश्य पाठवा की! मी आत्ताच छापखान्याला फोन करतो. आठ दिवस लांबेल, लांबू दे. हात काढून टाकतील. पोराच्या मागे एखादी उशी देता येईल. उलट बरं दिसेल."

मोठी तलवार उपसली असं मला वाटलं होतं, आणि पातं माझ्याच हातात होतं. जगात चिमणीचं छापून आलेलं एवढंच काय ते होतं, चार बोटं आणि दोन बोटं बाही. तेही मीच पुसायला निघाले होते.

आत्याने अहवाल उचलला, चार घड्या घातल्या आणि आपल्या पिशवीत टाकला. "हात राहू दे."

"आता कसं बोललात! प्रकाशनाला या, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो. आणि तसं बघायला गेलं तर सिस्टर, हात त्या बाईंचाच आहे की. तोच मान समजा."

मी भाविक बाई आहे. सकाळी देवासमोर बसल्याशिवाय घोटभर पाणी पीत नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे आलं ते देवाने ऐकलं नसेल तर बरं. बाहेर येऊन आम्ही जिना उतरलो. आत्या माझ्या आधी खाली पोचली.

"कसला मान? कसला मान गं?" फाटकाशी ती उभी राहिली आणि तेव्हा तिचा आवाज फुटला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "बाई पुसून हात ठेवायचा आणि वर मान म्हणायचं! अठ्ठावन्न वर्षं मी हिला कपाटात जपली. आणि तू म्हणालीस म्हणून काढून दिली!"

तिचं बरोबर होतं.

बसच्या थांब्यावर ती एकदम विचारते, "रजिस्टर पत्र घेणारा माणूस नसला तर ते परत येतं ना?"

"येतं. कारण लिहून येतं."

"कसली कसली कारणं असतात?"

मी बोटांवर मोजली. पत्ता अपुरा. सापडत नाही. सोडून गेले. घेण्यास नकार. मयत.

"शेवटचं कोण लिहितं?"

"पोस्टमन लिहितो, घरच्यांना विचारून. पण पत्ता एखाद्या संस्थेचा असला तर संस्थेने लिहायचं, सही-शिक्क्यानिशी. आमच्या साहेबांचा हट्ट आहे तो. पोस्टमनच्या तोंडी निरोपावर ते कोणाला मारू देत नाहीत."

"हं," आत्या म्हणाली.

प्रकाशनाच्या दिवशी रुग्णालयात भाषणं चालू होती आणि पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. आत्या माझ्या खिडकीसमोर पहिली उभी होती. हातात पांढरं पाकीट. त्यावर चिमणीचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, खाली "परिचारिका, वॉर्ड सात" आणि रुग्णालयाचा पत्ता.

"आत काय लिहिलंयस?"

"पत्र तुला लिहिलंय का? मग? तिकिटं लाव."

रजिस्टरला पाच तिकिटं लागली. पाच डॉक्टर, पंधरा हात. आता शिक्का मारायचा. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, तिकिटावर माणूस असला तर शिक्का चेहऱ्यावर पडता कामा नये, मोकळ्या जागेत मारायचा. डॉक्टरांचा चेहरा वाचवायचा होता. हात तर वाचवायचाच होता. मग मोकळी जागा उरली कुठली? ती निळी भिंत. म्हणजे चिमणी जिथे उभी होती तिथेच मला शिक्का मारावा लागला. पाच वेळा.

तिसऱ्या दिवशी पत्र परत आलं. "घेण्यास नकार." सचिवांची सही, रुग्णालयाचा गोल शिक्का.

आत्याने दुसरं पाठवलं. नकार. तिसरं. नकार. चौथ्या वेळी आमचा लंबू पोस्टमन वैतागून म्हणाला, "आत्याबाई, तो माणूस लांबून पाकीट बघितलं तरी तोंड फिरवतो. मी काय सासऱ्याकडे हुंडा मागायला जातोय का?"

"तू नेमाने जात राहा, बाबा. त्याने तोंड फिरवलं तरी नाव त्याच्या डोळ्यांखालून जातंय ना?"

तोवर तिकिटाची दुसरीच गंमत सुरू झाली होती. हौशी संग्राहकांना तिसरा हात सापडला. आमच्या खिडकीवर रांगा लागल्या. त्यांत एक भिंगवाले काका, निवृत्त शिक्षक, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. दोन शीट घेऊन खूश होत म्हणाले, "छान चूक आहे हो! असली चूक शंभर वर्षांत एखादी. तीन हातांचा डॉक्टर! बघा, दहा वर्षांत याला काय भाव येतो."

माझा तोल गेला. "चूक हात राहिला ही आहे का काका? अख्खी बाई पुसून टाकलीय तिथली, ती नाही का चूक? तुमच्या भिंगातून तेवढं दिसत नाही वाटतं?"

पोस्टमास्तर आतून खाकरले. काकांचा चेहरा पडला. "कोण बाई?" त्यांनी विचारलं. मी बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर आत्या पाचव्या पाकिटाला डिंक लावत बसली होती. काका तिच्याशेजारी जाऊन बसले. अर्ध्या तासाने उठून आले ते नाक पुसत. "एक रजिस्टर पाकीट द्या," म्हणाले. "पत्ता त्यांना विचारून लिहितो."

दुसऱ्या दिवशी काकांचे दोन मित्र आले. मग त्यांचे मित्र. सगळेच काही चिमणीसाठी आले नव्हते. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणत होता, तीन हातांचं तिकीट, त्यावर परत आल्याचा शेरा, असलं पाकीट संग्रहात म्हणजे काय चीज! मी ऐकलं आणि घरी येऊन भांडी आदळली. "लाज नाही यांना. मेलेल्या पोरीच्या नावावर हे संग्रह वाढवतायत."

"लोभाने का होईना, नाव तिचंच लिहितात ना?" आत्या म्हणाली. "लिहू देत. अठ्ठावन्न वर्षं मी एकटी लिहीत होते."

पुढच्या पंधरवड्यात एकतीस पत्रं झाली. आणि एका सकाळी सचिव स्वतः आले. काखेत जाड, कापडी पाठीची नोंदवही. रांग मोडून थेट खिडकीशी.

"हा सरळसरळ छळ आहे!"

"रांगेत या," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत आहे मी कोण..."

"अहो, माहीत आहे ना!" भिंगवाले काका रांगेतून ओरडले. "तुम्हीच ते! पण आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत का?"

सचिव रांगेत उभे राहिले. पुढे सहा जण होते आणि त्या सहाही जणांना अचानक खूप शंका विचारायच्या होत्या. नंबर लागला तोवर गुळगुळीतपणा बराच उतरला होता.

"ही पत्रं थांबवा."

"कोणाचंही पत्र थांबवायचा अधिकार मला नाही. तुम्ही कारण एकदा खरं लिहा, आपोआप थांबतील."

"तेच लिहायला आलोय." त्यांनी काउंटरवरच्या परत आलेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यातलं वरचं ओढून घेतलं आणि लिहिलं, "मयत." मग नोंदवही काउंटरवर टाकली. धूळ उडाली. "वॉर्ड सातची मृत्यू नोंदवही. माळ्यावरून काढायला लावली. सापडलं नाव. वय वीस, खाट एकोणीस. ही घ्या तारीख." आणि 'मयत'पुढे लिहिलं, "रुग्ण, खाट क्र. १९." वळून बाकावरच्या आत्याला म्हणाले, "झालं समाधान? रुग्ण म्हणून दाखल होत्या त्या. आम्ही नाकारत नाही. पण परिचारिका म्हणून पत्रं पाठवायचं आता बंद करा."

आत्या उठली. तिला काउंटरपर्यंत यायला वेळ लागला. तिने वही आपल्याकडे फिरवली आणि चिमणीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"मला काय माहीत?"

"माझं. आता याच्या वरची ओळ बघा. वरच्या सगळ्या ओळी बघा. आणि शेवटचा रकाना वाचा. मोठ्याने."

सचिवांनी वाकून बघितलं. "नोंद करणाऱ्या परिचारिकेची सही," ते म्हणाले.

"पुढे?"

त्यांनी पुढे वाचलं नाही. मी काचेच्या अलीकडून उलटं वाचत होते, तरी मला दिसत होतं. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. वय तीन. वय पाच. वय दोन. वय चार. त्या पानावर सतरा ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच सही. चिमणीची. अठराव्या ओळीवर अक्षर बदललं होतं.

"या पानावरची सतरा पोरं तिने लिहिलीयत," आत्या म्हणाली. "मांडीवरचं पोर गेलं की त्याला खाली ठेवायचं, हात धुवायचे, वही उघडायची, नाव लिहायचं, सही करायची. आणि पुढच्याच्या पाठीला हात लावायला जायचं. तुमच्या दफ्तरात नोंद नाही म्हणता? दफ्तर तिनेच लिहिलंय! आणि तुम्ही तिला रुग्ण म्हणून माझ्या तोंडावर मारता? अठरावी ओळ मला लिहावी लागली, कारण लिहिणारी दुसरी कोणी उरली नव्हती."

सचिवांनी एक पान मागे उलटलं. तिथेही तीच सही, शेवटपर्यंत.

"हा रकाना मी बघितला नव्हता," ते हळू आवाजात म्हणाले.

"रेघ मारायच्या आधी बघायचा असतो."

त्यांनी पेन उचललं आणि पाकिटावरचा 'रुग्ण' शब्द खोडायला गेले. पोस्टमास्तर कधी माझ्यामागे येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "अं हं. शेऱ्यात खाडाखोड चालत नाही. तो तसाच राहील. दुसरं पाकीट घ्या."

"माझं घ्या," काका पुढे झाले. त्याच गठ्ठ्यातलं, सकाळीच परत आलेलं, शेऱ्याची जागा कोरी असलेलं पाकीट त्यांनी काउंटरवर ठेवलं.

सचिवांनी लिहिलं, "मयत." थांबले. आत्याकडे बघितलं.

"परिचारिका," आत्याने सांगितलं. "वॉर्ड सात. घटसर्पाच्या साथीत, कामावर असताना." तारीख सांगितली. वेळ सांगितली, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. वहीत बघून नाही. त्यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं, खाली सही केली, खिशातून रुग्णालयाचा शिक्का काढून उमटवला. मग टोपण लावून पेन खिशात ठेवायला लागले.

लंबूने आपली थैली बाकावर उलटी केली. त्या आठवड्यात रुग्णालयाने शेराही न मारता परत पाठवलेली सगळी पाकिटं बाकभर पसरली. तेवीस होती.

"ही?" लंबू म्हणाला. "ही पण संस्थेच्याच पत्त्यावरची आहेत, साहेब. कोऱ्या शेऱ्याची मी आत घेऊ शकत नाही. मला बोलणी बसतात."

सचिवांनी पोस्टमास्तरांकडे बघितलं. पोस्टमास्तर छताकडे बघत होते. शेवटी सचिव बाकावर बसले, नोंदवही मांडीवर ठेवली, तिच्यावर पाकीट ठेवलं आणि लिहायला लागले. मयत. परिचारिका. वॉर्ड सात. आत्या त्यांच्या डोक्याशी उभी राहून प्रत्येक पाकीट वाचून बघत होती. अकराव्या पाकिटावर त्यांनी 'कामावर असताना' गाळलं, तर तिने ते परत त्यांच्यापुढे सरकवलं.

लिहिता लिहिता ते मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, पण तिकीट आता बदलता येणार नाही हो."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "लिहा."